उत्तरासाठी न थांबलेला प्रश्न

वर्तमानपत्रात एका दूरच्या युद्धाचे छायाचित्र आले होते. कोसळलेल्या घराच्या ढिगाऱ्यापुढे एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर नीट घडी केलेली चादर होती आणि ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. माझ्या भाच्याने ते पान उघडले, क्षणभर त्यावर नजर टाकली आणि तो म्हणाला, "मावशी, हा फोटो कुणी काढला आणि नेमका आजच का छापला, खरा प्रश्न हा आहे." एवढे बोलून त्याने पान उलटले. तो निष्ठुर नाही. उलट, त्याच्या वयाच्या मुलांमध्ये क्वचित दिसणारी कळकळ त्याच्यात आहे, आणि प्रचारतंत्रावरची माझ्या कपाटातली बहुतेक पुस्तके त्याने मन लावून वाचली आहेत. त्याने विचारलेला प्रश्नही योग्यच होता, किंबहुना त्या पुस्तकांनी शिकवलेला पहिला प्रश्न तोच. पण तो विचारून झाल्यावर त्याला उत्तर नको होते. प्रश्न विचारला की त्या बाईचे आपल्यावरचे ऋण फिटले, असे काहीतरी त्या पान उलटण्यात होते, आणि ते मला दिवसेंदिवस खुपत राहिले.

ही पुस्तके मी विद्यार्थिदशेपासून वाचत आले आहे. त्यांचा एक विशिष्ट आनंद असतो आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पडद्यामागे नेऊन दोऱ्या दाखवल्यावर जो थरार वाटतो, तो या पुस्तकांच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात असतो. कालपर्यंत आपोआप घडले असे वाटणारे काहीतरी कुणीतरी ठरवून घडवले होते, हे कळते आणि वाचणाऱ्याच्या पाठीचा कणा किंचित ताठ होतो. मला तो ताठपणा परिचयाचा आहे. मात्र त्या क्षणी वाचक स्वतःला कुठे उभा करतो, हे मी बरीच वर्षे पाहत आले आहे. तो कधी सूत्रधाराच्या शेजारी उभा राहतो, कधी सूत्रधाराला पकडणाऱ्याच्या शेजारी. ज्यांच्यावर प्रयोग चालला आहे त्या गर्दीत तो स्वतःला सहसा पाहत नाही.

अमेरिकी जनसंपर्क-तज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांच्या 'प्रॉपगंडा' या १९२८ सालच्या पुस्तकाची एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली प्रत मी ग्रंथालयातून आणली होती. तिच्यावर माझ्याआधीच्या दोन वाचकांच्या खुणा होत्या. एकाने मऊ पेन्सिलीने, पट्टी लावल्यासारख्या सरळ रेघा मारल्या होत्या, आणि त्या सगळ्या कृतीच्या सूचनांखाली होत्या: समाजातल्या कोणत्या मंडळींना आधी गाठावे, एखादी वस्तू थेट न विकता तिच्याभोवतीची परिस्थिती कशी घडवावी. दुसऱ्याची पेन्सिल कठीण होती, कागदावर ओरखडे उठवणारी. त्याने समासात उद्गारचिन्हे काढली होती आणि लोकांच्या सवयी व मते जाणीवपूर्वक घडवणारे लोक म्हणजे जणू एक अदृश्य शासन, असे लेखक जिथे निःसंकोचपणे सांगतो, तिथे त्याची रेघ दोनदा ओढलेली होती. एकाने ते पुस्तक हस्तपुस्तिका म्हणून वाचले होते, दुसऱ्याने कबुलीजबाब म्हणून. दोघांनीही लेखकाचा शब्द मात्र जसाच्या तसा मान्य केला होता.

आणि तिथेच थांबायला हवे होते, असे मला वाटते. बर्नेज हे पुस्तक एका व्यवसायाची जाहिरात म्हणून लिहीत होते आणि तो व्यवसाय त्यांचा स्वतःचा होता. जनमत घडवता येते आणि ते घडवणारा तज्ज्ञ मिळू शकतो, हे गिऱ्हाइकांना पटवणे ही त्यांची गरज होती. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी भर गर्दीत सिगारेटी पेटवल्या आणि त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटले गेले, ही हकिगत आज प्रत्येक व्याख्यानात येते. अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी बर्नेज यांनी ती घडवून आणली होती हे खरे आहे. पण एका मिरवणुकीने स्त्रियांच्या धूम्रपानावरचा निर्बंध संपला, ही त्या हकिगतीची मोठी आवृत्ती पसरवण्यात स्वतः बर्नेज यांचा वाटा मोठा होता. स्त्रियांमधले धूम्रपान त्याआधीच वाढू लागले होते. एकशे तीन वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या सामर्थ्याची गोष्ट अनेकदा सांगितली, आणि प्रचाराच्या विरोधात लिहिणाऱ्यांनीही ती जशीच्या तशी उचलली, कारण खलनायक जितका सर्वशक्तिमान तितके त्याला उघडे पाडणे मोठे वाटते.

अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांचे 'पब्लिक ओपिनियन' हे १९२२ सालचे पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचते, त्याचे कारण त्याची सुरुवात. समुद्रातल्या एका बेटावर काही इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन माणसे राहतात. तिथे तार पोहोचलेली नाही, टपालाची बोट साठ दिवसांतून एकदा येते. १९१४ च्या सप्टेंबरच्या मध्यावर बोट येते तेव्हा त्यांना कळते की गेले सहा आठवडे आपण एकमेकांचे शत्रू आहोत, आणि ते सहा आठवडे तर आपण मित्रांसारखे वागत होतो. या दृष्टान्तात कुणी लबाड नाही, कुणी दोऱ्या ओढत नाही. माणूस जगाशी नव्हे, तर जगाच्या आपल्या डोक्यातल्या चित्राशी वागतो, एवढेच लिपमन दाखवतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी स्वतः अमेरिकी सैन्यासाठी प्रचारपत्रके तयार करण्याच्या कामात भाग घेतला होता, आणि तरीही पुस्तकाची सुरुवात त्यांनी खोटेपणापासून न करता अंतरापासून केली. त्यांचे निष्कर्ष मला अनेक ठिकाणी पटत नाहीत. सामान्य नागरिकावरचा त्यांचा अविश्वास आणि तज्ज्ञांवरचा त्यांचा भरवसा, दोन्ही मला जास्त वाटतात. पण बातमी उशिरा येणारे, अर्धवट पोहोचणारे ते बेट आपलेच आहे, याविषयी मला शंका नाही.

भाच्याला सर्वांत आवडलेले पुस्तक मात्र वेगळे होते. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर प्रॉपगंडा ॲनालिसिस' ही संस्था स्थापन झाली. तिने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी केली. विरोधकाला वाईट नाव चिकटवणे, गोंडस मोघम शब्द वापरणे, 'मी तुमच्यातलाच साधा माणूस' असा आव आणणे, सगळे निघाले आहेत तर तुम्हीही चला असे सांगणे, या त्यांतल्या काही. १९३९ साली संस्थेने 'द फाइन आर्ट ऑफ प्रॉपगंडा' हे पुस्तक काढले. त्यात फादर कॉफलिन या, रेडिओवरून ज्यूद्वेष पसरवणाऱ्या प्रभावी धर्मगुरूची भाषणे घेऊन प्रत्येक वाक्यापाशी, त्यात कोणती युक्ती आहे ते दाखवणारे छोटे चिन्ह छापले होते. ती पाने पाहताना अजूनही मजा वाटते. ओळीओळीत चिन्हे, जणू भाषणाचा मुखवटा शब्दागणिक उतरतो आहे. ही यादी शाळांमध्ये खूप शिकवली गेली. पण शिकवणाऱ्यांनाच हळूहळू एक काळजी वाटू लागली, ती ही की मुले प्रत्येक वाक्याला चिन्ह लावायला शिकत आहेत आणि ते वाक्य खरे की खोटे, हा प्रश्न मागे पडतो आहे. कॉफलिन यांच्या द्वेषाला जे चिन्ह लागते तेच चिन्ह एखाद्या न्याय्य मागणीच्या भाषणालाही लागू शकते. युक्ती ओळखणे आणि सत्य पडताळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले काम दुसऱ्याच्या मानाने फार सोपे व फार सुखद आहे. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि १९४२ साली ती संस्था बंद झाली.

आता ज्या पुस्तकाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, त्याच्याकडे वळते.

आर्थर पॉन्सन्बी हे पहिल्या महायुद्धाला विरोध करणारे ब्रिटिश खासदार. १९२८ साली त्यांनी 'फॉल्सहूड इन वॉर-टाइम' हे पुस्तक लिहिले. युद्धकाळात पसरवलेल्या असत्यांचा तो संग्रह आहे, आणि त्यातला संताप उसना नाही. लाखो मुलांना खोट्या कथा सांगून मरायला पाठवले गेले, हे त्यांनी पाहिले होते. त्यातली एक कथा प्रेतांच्या कारखान्याची. जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेते उकळून त्यांची चरबी काढतात, असे वृत्त एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापले. मूळ जर्मन बातमीत उल्लेख होता तो मेलेल्या जनावरांचा. १९२५ साली परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत सांगितले की या कथेला कधीच आधार नव्हता, हे जर्मन सरकारचे निवेदन आपण स्वीकारतो. दुसरी कथा बेल्जियममधल्या लहान मुलांची, ज्यांचे हात जर्मन सैनिकांनी तोडले असे सांगितले जाई. पॉन्सन्बी या कथेचा माग काढत जातात आणि असे मूल कुणालाच कधी सापडलेले नसते. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा एका बैठकीत संपवले. शेवटचे पान मिटले तेव्हा असे वाटले की आता कुणी मला फसवू शकणार नाही.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये, पोलंडमध्ये विषारी वायूच्या कोठड्यांत माणसे मारली जात असल्याची माहिती लंडनला पोहोचलेली असताना, ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टिपण लिहिले की हे ऐकून मागच्या युद्धातल्या, प्रेतांपासून चरबी काढण्याच्या कथेची आठवण होते. तो अधिकारी मूर्ख नव्हता. तो शिकलेला होता, सावध होता आणि मागच्या वेळी आपले लोक कसे फसवले गेले हे त्याला नीट माहीत होते. हे टिपण मी वाचले तेव्हा मला पॉन्सन्बींच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा तो माझा ताठ कणा आठवला. फसवले जाण्याची लाज माणसाला इतकी असह्य असते की दुसऱ्यांदा फसण्यापेक्षा तो न ऐकणे पसंत करतो. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी सर्वंकष सत्तेवरच्या १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की सर्वंकष सत्तेला सोयीची गर्दी एकाच वेळी सगळ्यावर विश्वास ठेवायला आणि कशावरच विश्वास न ठेवायला तयार असते. या विधानाचा पूर्वार्ध सगळ्यांना भावतो. उत्तरार्ध आपल्याविषयी असू शकतो, हे कळायला वेळ लागतो.

झाक एल्युल यांनी त्या उत्तरार्धाकडे थेट बोट दाखवले. हे बोर्दोमधले कायद्याच्या इतिहासाचे प्राध्यापक, नाझी व्याप्तीच्या काळात प्रतिकार चळवळीत वावरलेले. १९६२ साली फ्रेंचमध्ये निघालेल्या 'प्रोपागांद' या पुस्तकात ते म्हणतात की प्रचाराला सर्वांत लवकर बळी पडतो तो सुशिक्षित माणूस. कारणे त्यांनी दिली आहेत आणि ती वाचताना मला पुस्तक खाली ठेवावे लागले होते. सुशिक्षित माणूस सर्वांत जास्त माहिती घेतो, आणि त्यातली बरीच त्याला स्वतः पडताळता येत नाही. महत्त्वाच्या प्रत्येक विषयावर आपले मत असलेच पाहिजे असे त्याला वाटते. आणि आपण स्वतः विचार करू शकतो, म्हणून आपल्याला धोका नाही, अशी त्याची खात्री असते. प्रचार केवळ वरून लादला जात नाही, तो घेणाऱ्याला हवा असतो, कारण अफाट आणि गोंधळाच्या जगात तो त्याला जागा, कारण आणि शत्रू मिळवून देतो, हे एल्युल यांचे मुख्य म्हणणे. चांगला प्रचार बहुतेकदा खऱ्या वस्तुस्थितीवरच उभा असतो, असेही ते सांगतात. म्हणजे खोटे पकडून प्रचार पकडता येत नाही. या पुस्तकातून सुटकेची वाट जवळजवळ नाहीच, आणि त्यांच्या या निराशेशी माझे भांडण आहे. १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एरी कौंटीतल्या मतदारांचा माग काढून समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला, त्यात प्रचाराने मत बदललेली माणसे थोडीच सापडली होती. लोक रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांच्या बोलण्याने अधिक हलत होते. एल्युल यांना असे अल्पकाळाचे अभ्यास मान्य नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरी माणसाला माणसाशी बोलून बदलता येते, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या तर्काइतकीच वजनदार वाटते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांचा १९८३ सालचा एक निबंध इथे जोडून वाचावा असा आहे. त्यात त्यांनी दुसऱ्या महायुद्धातली, इवो जिमा बेटावरची, एका इतिहासकाराकडून ऐकलेली हकिगत सांगितली आहे. अमेरिकेच्या एका तुकडीत सैनिक कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे होते. जपानी विमानांनी त्या सैनिकांसाठी पत्रके टाकली: हे गोऱ्यांचे युद्ध आहे, यात तुम्ही प्राण देऊ नका. दुसऱ्या दिवशी ती तुकडी मागे घेण्यात आली. सैनिकांवर पत्रकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा नव्हता. परिणाम झाला तो अधिकाऱ्यांवर, कारण आपले सैनिक त्या पत्रकांना भुलतील असे त्यांना वाटले. प्रचाराचा परिणाम इतरांवर होतो, आपल्यावर नाही, या समजुतीला डेव्हिसन यांनी नाव दिले आणि नंतरच्या अनेक पाहण्यांत ती समजूत पुन्हा पुन्हा दिसली. मला या हकिगतीत मोठे दुःख दिसते. पत्रक लिहिणाऱ्याला जे साधायचे होते ते साधले, आणि ते साधून दिले पत्रकावर कणभरही विश्वास नसलेल्या माणसांनी.

मग या विषयावरचे असे पुस्तक कोणते, ज्यात लेखक स्वतः गर्दीत उभा आहे? माझ्यापुरते त्याचे उत्तर व्हिक्टर क्लेम्पेरर. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या या ज्यू प्राध्यापकाची नोकरी नाझी राजवटीत १९३५ साली गेली, पुढे ग्रंथालये बंद झाली, घर गेले. हातात राहिले ते कान. कारखान्यातल्या सक्तीच्या कामावर सोबत्यांचे बोलणे, वर्तमानपत्रातल्या जन्ममृत्यूच्या जाहिराती, झडतीला आलेल्या गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या शिव्या, यांतून राजवटीची भाषा कशी झिरपते याची टिपणे त्यांनी रोजनिशीत केली. त्यांच्या पत्नीने ती पाने एका मैत्रिणीकडे नेऊन लपवली. ती सापडली असती तर सगळ्यांचा जीव गेला असता. १९४७ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की त्यात जेत्यांची भाषा बोलणाऱ्यांच्या यादीत छळ सोसणारेही आहेत. ज्यांना त्या राजवटीने माणूस मानले नाही, तेही तिचेच शब्द सहज वापरत होते, आणि क्लेम्पेरर हे तिरस्काराने नव्हे, काळजीने लिहितात. शब्द हे आर्सेनिकच्या बारीक मात्रांसारखे असतात, नकळत गिळले जातात आणि काही काळाने विष भिनते, असे ते म्हणतात, तेव्हा ती मात्रा आपल्याही पोटात आहे हे त्यांनी गृहीत धरलेले असते. आणि एवढे असूनही ते ऐकणे थांबवत नाहीत. कोण, कुठे, कोणत्या दिवशी, काय बोलले, हे लिहीत राहतात. संशय त्यांच्याकडे होता, पण त्या संशयाने त्यांचे कान बंद केले नाहीत.

पॉन्सन्बींच्या पुस्तकातल्या बेल्जियमच्या कथेचा दुसरा अर्धा भाग मला फार उशिरा वाचायला मिळाला. जॉन हॉर्न आणि ॲलन क्रेमर या दोन इतिहासकारांनी १९१४ साली जर्मन सैन्याने केलेल्या त्या अत्याचारांचा शोध घेऊन २००१ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रे, चौकशांचे अहवाल आणि जर्मन सैनिकांनी स्वतः लिहिलेल्या रोजनिशा वाचल्या. नागरिक लपून आपल्यावर गोळ्या झाडत आहेत, ही अफवा जर्मन फौजांमध्ये आधी पसरली होती आणि सैनिकांचा तिच्यावर मनापासून विश्वास होता. त्या खोट्या विश्वासातून खरी माणसे मारली गेली. मग त्या खऱ्या हत्यांभोवती दोस्त राष्ट्रांच्या वृत्तपत्रांनी तोडलेल्या हातांच्या खोट्या कथा रचल्या. मग त्या कथा खोट्या ठरल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर हत्याही खोट्या ठरवल्या गेल्या, आणि हे शेवटचे काम शांततेची चाड असणाऱ्या, सज्जन, वाचन असणाऱ्या माणसांनी केले. हॉर्न आणि क्रेमर दोन्ही गोष्टी एकाच ठामपणे लिहितात. हात तोडलेले मूल कुठेही नव्हते. ऑगस्ट आणि सप्टेंबर १९१४ च्या आसपास बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सुमारे साडेसहा हजार नागरिक जाणूनबुजून मारले गेले. त्यांतले ६७४ एकट्या दिनाँ या गावचे. ग्रंथाच्या अखेरीस एक परिशिष्ट आहे, त्यात ठिकाणे, तारखा आणि आकडे ओळीने दिले आहेत. कुणी सांगितले, का सांगितले, कुणाच्या फायद्यासाठी सांगितले, हे सगळे प्रश्न त्या दोघांनीही विचारले होते, आणि मग कागद मागवून ते मोजायला बसले.